रिसेप्शनसाठी डीजे कसा निवडावा? (कोल्हापूर)

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचं लग्न मार्गशीर्षात आहे. लग्न मुलीकडे सांगलीला, रिसेप्शन आपल्याकडे, कळंब्याच्या बाजूला एका कार्यालयात, संध्याकाळी सातला. कार्यालय, जेवण, फोटोवाला सगळं ठरलं. अडलंय ते डीजेवर.

घरात दोन तट पडलेत. भावाचे मित्र तालमीतले, त्यांना डॉल्बी पाहिजे, पुढं बेसची भिंत आणि वर शार्पी (लांबवर झोत टाकणारे लाइट). बाबा म्हणतात सनई लावा आणि विषय संपवा. त्यांचंही खरं आहे. मागं नात्यातल्याच एका रिसेप्शनला स्टेजवर पाहुणा आला की नवरदेवाच्या कानात ओरडून नाव सांगावं लागत होतं. मला दोन्ही हवंय. पोरांनी मनसोक्त नाचावं, आणि भुदरगडकडनं एवढ्या लांब येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना चार शब्द बोलता यावेत. ती मंडळी जेवून नऊच्या आत गाडीत बसणार.

काही डीजेंचे व्हिडिओ बघितले. सगळे सारखेच दिसतात: धूर, लाइट, हात वर केलेली गर्दी. त्यावरून माणूस कसा ओळखायचा? भेटल्यावर काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

तालमीचा_पोरगा

ताई, भावाचं अभिनंदन. पण मित्रांची बाजू पण ऐका. आम्ही वर्षभर एकमेकांच्या लग्नाची वाट बघत असतोय. बेस छातीत बसला न्हाई तर पोरं जाग्यावरनं हलत न्हाईत, खुर्च्या टाकून मोबाईल बघत बसत्यात. चार बेस (दणका देणारे बॉक्स) चार टॉप (गाण्याचा वरचा आवाज देणारे) तरी घ्याच. आणि लाइट चांगली घ्या, फोटो त्याच्यामुळंच उठून येत्यात.

साऊंडवाला_इचलकरंजी

मी साऊंड ऑपरेटर आहे, डीजे नाही. कामं मिळवायला लिहीत नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे येणारे लोक फार उशिरा विचारतात म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, डीजे आणि साऊंड ही दोन वेगळी कामं आहेत. काही डीजेंची स्वतःची सिस्टीम असते, बरेच जण फक्त कन्सोल आणि लॅपटॉप घेऊन येतात आणि साऊंड दुसऱ्याकडनं भाड्यानं उचलतात. त्यात वाईट काही नाही. पण त्या रात्री मिक्सरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, कोण बसणार हे तुम्हाला माहीत पाहिजे. गाणं चांगलं निवडणारा डीजे आणि आवाजाकडे लक्ष न देणारा ऑपरेटर अशी जोडी पडली की कार्यक्रम वाया जातो.

दुसरं, बॉक्स मोजू नका. मशीनचे वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, तो कानाला जेमतेम कळतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्याला वॅट लागतात दहापट. म्हणजे चाराचे आठ बेस केले की भाडं दुप्पट होतं, मजा दुप्पट होत नाही. कोटेशनमध्ये हजारांत वॅट लिहिलेले असतात, ते पीएमपीओमध्ये (क्षणभराची कमाल ताकद) असतील तर त्यांना अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्यालय. एकदा रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. वर पत्रा, खाली फरशी, बाजूला काचा असतील तर टाळी लगेच विरत नाही, मागनं परत येते. अशा हॉलमध्ये आवाज वाढवला की शब्द स्पष्ट होत नाहीत, आणखी गढूळ होतात. मग डीजेला वाटतं आवाज कमी पडला, तो अजून वाढवतो. माणसं भरली की वरचा चरचरीत आवाज माणसांत आणि कपड्यांत जिरतो, बेस मात्र घुमत राहतो. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये केलेलं सेटिंग सात वाजता तसंच ठेवून चालत नाही. ऑपरेटर समोर बसलेला हवा, गाडीत झोपलेला नको.

मांडणी अशी मागा: टॉप स्टँडवर, डोक्याच्या वर, तोंड नाचायच्या जागेकडं आणि थोडं खाली झुकवलेलं. बेस दोन टोकांना लांब लांब न ठेवता एका जागी शेजारी शेजारी. टोकांना ठेवले की हॉलमध्ये एका ठिकाणी छाती दणाणते आणि दोन पावलं सरकलं की बेस गायब. स्टेज आणि जेवणाच्या बाजूला छोटे स्पीकर वेगळे, त्यांचा आवाज मिक्सरवर वेगळा कमीजास्त होणारा. एवढं केलं तर तालमीची पोरंही खूश आणि बाबाही. दोन बेस पुरतात, भिंत लागत नाही.

राजारामपुरी_काकू

साऊंडवाले दादा, जेवणाच्या बाजूला आवाज वेगळा ठेवता येतो हे मला आज कळलं. हे प्रत्येक घरात कळायला हवं.

ताई, मी म्हाताऱ्या माणसांच्या बाजूनं लिहिते. माझ्या यजमानांना श्रवणयंत्र आहे. ते यंत्र सगळाच आवाज कानात आणतं, हवा तेवढाच नाही. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांनी ते काढून कागदी रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. समोर त्यांचे शाळेतले मित्र, पेठेतलं घर सोडून पुण्याला गेलेले, कितीतरी वर्षांनी भेटलेले. दोघं ताटाकडं बघत जेवले. निघताना मित्रांनी हात हातात घेतला आणि तेवढ्यावरच भेट संपली. आपण पाहुण्यांना बोलावतो ते भेटायला ना?

डीजे कसा ओळखायचा, तर मी म्हणेन तो वाढप्यासारखा असावा. चांगला वाढपी पानाकडं बघून वाढतो, हातातलं भांडं रिकामं करायला नाही. त्याला विचारा, सात ते साडेआठ काय वाजवणार?

साऊंडवाला_इचलकरंजी

काकू, अगदी हाच प्रश्न. रिसेप्शनचा पहिला दीड तास लोक रांगेत, आहेर देताहेत, फोटो चाललेत, ताटं हातात आहेत. त्या वेळी बासरी, संतूर, सतार, जुनी मराठी गाणी, तीही समोरच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल इतपत. ज्याच्याकडं या दीड तासाचं उत्तर नाही तो फक्त शेवटच्या तासाचा डीजे आहे. शेवटचा तास कुणालाही जमतो, तोवर पोरं आधीच पेटलेली असतात.

डेसिबल

पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करतो, कायद्याची बाजू मांडतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथं ५० आणि ४०. खासगी जागेतल्या साऊंडचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलनंच जास्त चालतो. कार्यालय निवासी भागात असेल तर हद्दीवर संध्याकाळी ६०. साधं बोलणंसुद्धा समोरासमोर ६०च्या आसपास असतं, यावरनं अंदाज घ्या.

स्पीकरची परवानगी भागातल्या पोलीस ठाण्यातनं घ्यावी लागते. कार्यालयवाले घेतात की आपण घ्यायची हे आधीच विचारा. डीजे म्हणेल "आमचं बघून घेतो", त्यावर राहू नका. चौकशी झाली तर यजमानालाही बोलावतात.

तालमीचा_पोरगा

@डेसिबल, पण रात्री दहानंतर स्पीकर बंदचा नियम बंद हॉलला लागत न्हाई असं ऐकलंय. बँक्वेट हॉलला सूट हाय की.

डेसिबल

सूट आहे, पण अर्धी ऐकली जाते. रात्री १० नंतर सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल अशा बंद जागेत, आतल्या आतल्या वापरासाठी स्पीकर चालतो. हद्दीवरची मर्यादा मात्र सुटत नाही, रात्री ती आणखी कडक होते. आपल्याकडची कार्यालयं तीन बाजूंनी उघडी, वर पत्रा, मागं स्वयंपाकाचं शेड. त्यांना बंद जागा कसं म्हणणार? आणि बेस भिंतीला फारसा जुमानत नाही. गाण्याचे शब्द शेजारच्या घरात जात नाहीत, धपधप जाते, झोपलेल्या बाळाला उठवते.

कानाचंही सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानतात, त्यानंतर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. भिंतीसमोर नाचणारी पोरं याच्या कितीतरी पुढं जातात, आणि दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते ती कानानं दिलेली सूचना असते. लहान मुलांना कडेवर घेऊन बेससमोर नाचू नका, हात जोडून सांगतो.

कळंबा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, काकूंचा दोनदा.

आता एक नवीन अडचण. कार्यालयाच्या मॅनेजरनी सांगितलं की गाणी वाजवायची तर म्युझिक लायसन्सचे पैसे वेगळे भरा, नाहीतर डीजेला आत सोडणार नाही. हे काय प्रकरण आहे?

काळा_कोट

वकील आहे, म्हणून लिहितो. गाण्यांच्या रेकॉर्डिंगचे हक्क कंपन्यांकडे असतात, त्यांच्या वतीनं पीपीएल, नोवेक्स अशा संस्था फी घेतात, आणि गाण्याच्या शब्द-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस. हॉटेल, पब, तिकीट लावलेले कार्यक्रम यांना ती लागते. लग्नाचं वेगळं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभात गाणी वाजवणं हा हक्कभंग नाही असं म्हटलंय, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची मिरवणूक व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे धरलेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागानं याच कलमाच्या आधारे जाहीर सूचना काढून लग्नसमारंभासाठी रॉयल्टी मागू नये असं कळवलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. यावर कोर्टात वाद झालेत. गोवा सरकारचं याच विषयावरचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२४ मध्ये रद्द केलं. पण कायद्यातलं कलम आणि त्याचं स्पष्टीकरण जिथल्या तिथं आहे. तेव्हा मॅनेजरला शांतपणे सांगा की मागणी कुणाची, कशासाठी, किती, हे लेखी द्या, पावती कुणाच्या नावानं येणार ते लिहा. कार्यालयाच्या बुकिंगच्या कागदावर ही अट आहे का तेही बघा. तोंडी मागणीवर रोख पैसे देऊ नका.

गोकुळ_शिरगाव

लेखीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. बहिणीच्या रिसेप्शनला आम्ही एका डीजेला ऐकून, भेटून, आवडला म्हणून ठरवलं. त्या दिवशी आला दुसराच पोरगा. मालक म्हणाले त्यांना त्याच तारखेला मोठी ऑर्डर होती. त्या पोराला आमची यादी कुणी दिलीच नव्हती. नवरा-नवरी हॉलमध्ये आली तेव्हा जे गाणं वाजायचं होतं त्याऐवजी भलतंच लागलं, आणि आईला इतकं वाईट वाटलं की ती आजही तो व्हिडिओ लावत नाही.

म्हणून कागदावर माणसाचं नाव लिहून घ्या. लग्नसराईत एकेका तारखेला एकाच मालकाच्या तीन-चार गाड्या बाहेर असतात, हे गृहीत धरूनच बोला. तो आजारी पडला तर कोण येणार, त्यालाही आधी भेटवा. निम्मे पैसे कार्यक्रम झाल्यावर. आणि गाणी लॅपटॉपवर डाउनलोड केलेली पाहिजेत, कार्यालयात नेट मिळेल या भरवशावर नको. सोबत दुसरा लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह.

राजारामपुरी_काकू

आणि "ही गाणी वाजवू नका" ही यादी पण द्या. अचकट विचकट शब्दांची गाणी सासू-सासरे, लहान मुलं समोर असताना लागली की खाली मान घालावी लागते. फर्माइश आली तरी वाजवायचं नाही, हे त्याला आधी सांगितलं तर तो बिचारा पण सुटतो, यजमानांचं नाव सांगून नाही म्हणू शकतो.

डेसिबल

लेसरबद्दल कुणी लिहिलं नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लेसरनं डोळ्याला इजा झाल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यातही आल्यात. हॉलमध्ये अंतर कमी, त्यामुळं धोका जास्त. किरण माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर येता कामा नये, आणि फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही त्यानं जळू शकतो. साधे रंगीत पार लाइट आणि दोन-चार मूव्हिंग हेड (फिरणारे लाइट) भरपूर झाले. लेसर नकोच म्हणा.

कळंबा_रोड

काल-परवात दोन डीजेंना भेटलो, भाऊ पण बरोबर होता.

पहिल्यानी मोबाईल पुढं केला, व्हिडिओ दाखवले आणि बॉक्सच्या संख्येवर दर सांगितला. सात ते साडेआठचं विचारलं तर म्हणाला, "तवा काय बी लावतो, कोण ऐकतंय."

दुसरा आल्या आल्या विचारायला लागला. कार्यालय कुठलं, स्टेज कुठल्या भिंतीला, जेवण आत की बाहेर, थ्री फेज आहे का, म्हातारी मंडळी किती. मुलीकडचे सांगलीचे म्हटल्यावर त्यानं विचारलं की त्यांच्याकडं नाचणारं कोण आहे, त्यांच्यासाठी पण दोन गाणी ठेवूया. भावानं बेसची भिंत म्हटलं तर त्यानं नाही म्हटलं नाही. "दोन बेस लावतो, नाचायच्या जागेत उभं राहून बघ, कमी वाटलं तर तिथंच बोल" असं म्हणाला.

मग रुईकर कॉलनीत त्याचं एक रिसेप्शन होतं, त्या यजमानांना विचारून आम्ही मागं उभं राहून ऐकलं. मी मुद्दाम जेवणाच्या टेबलापाशी थांबले. वाढणाऱ्या बाईंनी "भाकरी गरम देऊ का" विचारलेलं मला न ओरडता ऐकू आलं. एकदा स्टेजवर एक आजोबा माइक घेऊन आशीर्वाद द्यायला उभे राहिले. त्यांचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच गाणं खाली गेलं, कुणी खूण करावी लागली नाही. मी त्याच्याकडं बघत होते, त्याची नजर लॅपटॉपवर नव्हती, स्टेजवर होती. तिथंच माझं ठरलं. साडेआठनंतर त्यानं पोरांना असं नाचवलं की भाऊ पण म्हणाला, बास, हाच.

तालमीचा_पोरगा

ताई, वाचून बरं वाटलं. काकूंचं वाचून माझा आज्जा डोळ्यापुढं आला. एक सुचवू? नवरा-नवरी आत येताना डीजे नको, हलगी लावा. हलगी, घुमकं, कैताळ, तीन-चार माणसं, कार्यालयाच्या दारापासनं स्टेजपर्यंत. त्याला बेस लागत न्हाई, वायर लागत न्हाई, आणि हलगी कडाडली की म्हातारं-कोतारं पण खुर्चीतनं उठतंय. आपल्या मातीतलं वाद्य हाय, वाजवणाऱ्याला पण काम मिळतंय. दहा मिनिटं, मग डीजे.

राजारामपुरी_काकू

पोरा, शंभर टक्के अनुमोदन. फार छान सुचवलंस.

कळंबा_रोड

बाबांना हलगीचं सांगितलं. सनईचं नाव आता काढत नाहीत, हलगीवाले कोण मिळतील याची चौकशी स्वतःच करताहेत. :)

डीजेबरोबर कागद झाला. त्याचं स्वतःचं नाव, बदली माणसाचं नाव, दोन बेस, स्टँडवरचे टॉप, जेवणाकडं वेगळे छोटे स्पीकर, दोन कॉर्डलेस माइक, लेसर नाही, चार वाजता येऊन सेटिंग, पावणेदहाला शेवटचं गाणं. पोलीस ठाण्याचा अर्ज आम्ही करतोय. लायसन्सचं मॅनेजरकडं लेखी मागितलं, अजून कागद आलेला नाही, पैसे दिलेले नाहीत.

साऊंडवाले दादा, काही राहिलं का?

साऊंडवाला_इचलकरंजी

लाइटीचं राहिलं. साऊंडला वेगळी लाइन मागा. त्याच फेजवर लाइटिंग, कॉफी मशीन, केटरिंगवाल्यांचे हीटर आले की स्पीकरमध्ये गुणगुण येते आणि ऐन वेळी एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. कार्यालयाचा जनरेटर साऊंडचा लोड घेतो का ते विचारा, अर्थिंग नीट आहे का हे डीजेच्या ऑपरेटरला चार वाजता तपासायला सांगा. कॉर्डलेस माइकचे सेल नवीन, आणि एक वायरचा माइक स्टेजवर ठेवाच. माइक हातात घेऊन कुणी स्पीकरसमोर गेलं की शिट्टी बसते, निवेदकाला कुठं उभं राहायचं ते दाखवून ठेवा.

आणि डीजेला आवाज कमी कर, वाढव, थांबव हे सांगणारा घरचा एकच माणूस ठरवा. दहा जण दहा गोष्टी सांगायला लागले की तो गोंधळतो. तुमच्या भावाचा एखादा तालमीतलाच मित्र घ्या, पोरं त्याचं ऐकतील. त्याचा नंबर डीजेला आदल्या दिवशी द्या.

तालमीचा_पोरगा

ताई, भाऊ कुठल्या तालमीचा? ओळखीचा निघाला तर ते काम माझ्याकडं द्या.